मोकळी पाठ

माघ सरत आला की आमच्या कृष्णाकाठी हळद शिजायला लागते. हल्ली ट्रॅक्टरमागून कुकर येतो, लोखंडी पिंपांत वाफ सोडतात आणि दुपारच्या आत एका रानाची हळद शिजून मोकळी होते. कायल गेली, चुलवाण गेलं, पाचटाचा जाळ गेला. वास मात्र तोच राहिला. ओल्या मातीचा, थोडा कापरासारखा, थोडा कडवट, आणि घशात उतरून बसणारा. तो वास आला की मी खिडकी लावून घेतो. कित्येक वर्षं लावत आलो.

यंदाही लावली. हौसा, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "उघडा ती खिडकी. वास काय खिडकीतनं येतोय व्हय?"

मी उघडली. आणि लिहायला बसलो.

मला राग आला आहे. म्हातारपणी राग प्रकृतीला बरा नसतो असं डॉक्टर सांगतात, पण हा राग फार उशिरा आला आहे, तेव्हा त्याला आता बस म्हणण्यात अर्थ नाही.

झालं असं की गेल्या आठवड्यात सांगलीत माझ्या नातीचं भाषण झालं. केतकी म्हणजे आमच्या मंगलची मुलगी. ती आणि तिचा नवरा दोन लहान लेकरं घेऊन जगभर हिंडून आले. मेक्सिको, पेरू, घाना, जपान. जिथं गेली तिथं ती बायकांना विचारायची, तुम्ही पोर अंगावर कसं बांधता? कापड कुठलं? गाठ कुठं? कुणी शिकवलं? एका महिला मंडळानं तिला बोलायला बोलावलं होतं. पडद्यावर चित्रं होती. पेरूतल्या बायका, पाठीवर रंगीत पट्ट्यांचं घोंगडं, त्यातून डोकावणारं लालबुंद गालांचं पोर. घानातली बाई कमरेत वाकून पोर पाठीवर घेते, कापड छातीभोवती गुंडाळून टोक नुसतं खोचते, गाठसुद्धा मारत नाही. मेक्सिकोतली लांब शाल, जपानमधला लांबच लांब पट्टा. केतकी स्वतः व्यासपीठावर उभी होती तीही धाकट्याला पाठीवर बांधून. बोलता बोलता हलकेच डुलत होती आणि पोरगं तिच्या खांद्यावर गाल टेकून झोपलं होतं. पोरीचं मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ती म्हणाली, "हे सगळं मी का करते, सांगू? माझ्या आईच्या पायामुळं. आई रांगती होती. आजीनं तिला हळदीच्या रानात खाली ठेवलं आणि ती कामाला लागली. आईचा पाय उकळत्या पाण्यात भाजला. मी आजीला दोष देत नाही. बिचारीला त्या काळी माहीतच नव्हतं, की मूल पाठीशी बांधून काम करता येतं. म्हणून मी माझी मुलं खाली ठेवत नाही."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत माझ्या थोरल्या वहिनी बसल्या होत्या, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. हौसा माझ्या शेजारी होती. तिनं नुसता पदर सारखा केला. आणि मी? माझेही हात टाळ्या वाजवत होते. सवयीनं.

परत येताना गाडीत केतकीनं विचारलं, "आजी, झालं का गं बरं भाषण?"

"लय झ्याक झालं," हौसा म्हणाली. "पर तुजी गाठ खाली आलीया बग. वर घे वाईच. पोराची मान लटाकतीया."

केतकी हसली. "आजी, तुला काय गं कळतंय यातलं!"

लाडानंच म्हणाली ती. पण माझ्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. माहीतच नव्हतं म्हणे! बिचारी म्हणे!

तर आता ऐका, हौसाला काय काय माहीत होतं ते.

मी पलटणीत कारकून होतो. सत्तरच्या दशकातल्या त्या मोठ्या दुष्काळानंतर माझी बदली शिलाँगला झाली आणि हौसाला मी तिकडं घेऊन गेलो. मंगल तिथंच जन्मली. क्वार्टर उतारावर, पाण्याचा नळ खाली. कडेवर पोर, दुसऱ्या हातात बादली आणि पायाखाली धुक्यानं निसरडी झालेली पायवाट. कृष्णाकाठच्या सपाट रानात वाढलेली बाई. रोज एकदा तरी रडायची.

आमच्याकडं दूध घालायला तिथल्याच खासी जमातीतली एक बाई यायची. पोटऱ्या दगडासारख्या, तोंडात सदा पान. तिनं एकदा हौसाची ती कसरत पाहिली आणि कॅन खाली ठेवून ती चक्क हसत सुटली. मग स्वतःची शाल सोडली, मंगलला उचलून हौसाच्या पाठीवर टाकलं, शालीचं एक टोक खांद्यावरून आणि एक बगलेखालून घेऊन छातीवर गाठ मारली. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. हौसा आधी घाबरून वाकलेलीच राहिली. मग हळूच सरळ झाली. दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होती, आणि ओरडली, "आवं, दोन्ही हात गावलं मला!"

त्यानंतर तिला नादच लागला. आमच्या रांगेत अख्खा देश राहत होता. पलीकडं गोरखा जवानाची बायको, ती गाठ वर घ्यायची आणि पोराचे पाय कापडाच्या आत दुमडायची. कोपऱ्यावर तेलंगणातली एक, ती साडीच्याच पदराची झोळी करून पोर पुढं घ्यायची. हौसा प्रत्येकीकडं जाऊन बसायची, बांधून घ्यायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मला रात्रीच्या जेवणाला वर्तमान सांगावं तसं सांगायची, की थंडीत गोरख्यांची पद्धत बरी, चुलीपुढं बसायचं तर तेलंगी नको, पोर जाळाकडं येतं. एक नऊवारी फाडून तिनं त्याची जाड, दुहेरी पट्टी शिवली. निळं लुगडं होतं, बारीक चौकड्यांचं. सुट्टीवर गावी येताना आगगाडीत तीच पट्टी. स्टेशनास्टेशनवर ती डब्याच्या दारात उभी राहून फलाटावरच्या बायका बघायची. "आवं, ती बगा, डोक्याला पट्टा लावून घेतलंय पोर!" केतकी विमानानं जे बघून आली, ते तिची आजी दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून, माझ्या ट्रंकेवर बसून बघत आली होती. तिला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, एवढाच फरक.

आणि हेही लिहितो, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तिकडं मंगलला मीही पाठीवर घेत असे. रविवारी बाजारला जाताना हौसा मला बांधून द्यायची. चढ चढताना मंगलचा श्वास माझ्या मानेवर लागायचा, कॉलर लाळेनं भिजायची, आणि ती माझा कान लगामासारखा ओढायची. संत्र्याच्या ढिगापाशी आलो की पाय झाडायची. तिकडचे लोक काही म्हणत नसत. बाप पोर घेऊन चालला आहे, यात म्हणायचं काय?

आमच्याकडं म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. आमच्याकडं सून पोर कडेवर घेते, डोक्यावर पदर असतो, आणि कापडानं आवळून पोर पाठीवर घेतलं की पदर राहत नाही. पाठीवर पोर बांधायचं ते मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांनी, पालावर राहणाऱ्यांनी, ऊस तोडायला येणाऱ्यांनी. त्यांना कुणी नावं ठेवत नसे, कारण त्यांना आमच्या लोकांनी आपल्यात कधी धरलंच नव्हतं. आणि पुरुषाचं तर विचारूच नका. घरात वडील बसलेले असताना आपलं मूल उचलायचं नाही. रडलं तरी नाही, पडलं तरी नाही. बापासमोर स्वतःच्या पोराचा लाड करणं म्हणजे निर्लज्जपणा. हे कुणी शिकवावं लागत नसे. मी माझ्या थोरल्या भावाला त्याचा मुलगा आमच्या आबांसमोर उचलताना एकदाही पाहिलं नाही.

आम्ही आलो तो हळदीचा हंगाम होता. रानात पाला कापून झाला होता, कुदळींनी गड्डे वर येत होते आणि बायका ओळीनं बसून माती झाडत गड्डे मोडत होत्या. बोटं पिवळी, नखं पिवळी, भाकरी पिवळी. बांधाच्या कडेला चुलवाणावर मोठी कायल, तिच्यात हळद, वर पाला आणि ओलं गोणपाट. कायलीतनं वाफेचा खांब उठायचा. पहिल्याच दिवशी हौसा मंगलला पाठीवर बांधून रानात उतरली आणि सगळ्यांच्या पुढं निघून गेली. दोन हातांनी काम करणाऱ्या बाईला एका हाताच्या बायका कशा गाठणार? वहिनींनी बघितलं. आबा खोकले, इतकंच.

खालच्या रिकाम्या रानात आम्ही आटपाडीकडच्या धनगरांची मेंढरं बसवली होती, लेंडीखतासाठी. त्यांच्यातली एक बाई पाणी न्यायला विहिरीवर आली. पाठीवर पोर. तिनं हौसाला पाहिलं आणि डोईवरची घागर खाली ठेवली.

"आवं मालकीणबाई, ह्ये कवा शिकलासा? आगदी आमच्यातल्याच दिसताय की!"

हौसा इतकी खूश झाली म्हणता! तिथंच दोघी एकमेकींच्या पाठी बघत उभ्या राहिल्या. ही तिला गोरख्यांची गाठ दाखवते, ती हिला घोंगड्याची घडी दाखवते. दोन्ही पोरं एकमेकांच्या टोपड्याला हात घालत होती. त्या हंगामातलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच. आणि त्यानंच घात केला.

संध्याकाळी आम्ही पंगतीला बसलो. वहिनींनी वाढता वाढता विहिरीवरची हकीकत सांगितली, हसत. आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"गावात आता ह्येच आयकायचं ऱ्हायलंय. आमच्यातली म्हनं! पालावरची सून केली का रं आपुन?"

हौसा दाराआड उभी होती. मला तिची पावलं दिसत होती. मी म्हणायला हवं होतं, आबा, पोर मीही पाठीवर घेतो. म्हणायला हवं होतं, तिचं काम बघा की. मी काय म्हणालो?

"मी काय कमी येळा सांगितलं व्हय तिला, आबा? आयकतच न्हाई. तिकडनं शिकून आलीया येड."

दाराआडची पावलं निघून गेली. सकाळी मी खुंटीवरची निळी पट्टी काढली. रानात आबांच्या देखत ती कायलीवर पसरली, गोणपाट आखूड पडत होतं तिथं. आबा म्हणाले, "वाफ तरी धरंल." मला शाबासकी मिळाली असं वाटलं. लग्न झालेला, पलटणीत नोकरी करणारा माणूस, आणि बापाच्या अर्ध्या वाक्यानं छाती फुगली. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मंगलला बाभळीखाली पोत्यावर ठेवलं. हौसा सारखी मागं वळून बघायची, की वहिनी म्हणायच्या, "हौसा, आमी बी पोरं वाडवली की गं. आमची काय मेली न्हाईत." हौसा टोपलं भरायची, चार पावलं जायची, पुन्हा वळायची. पाठ मोकळी होती तिची आणि तरी ती किंचित वाकून चालत होती, अजून कुणी पाठीवर असल्यासारखी.

दुपारी कायल उतरवली. शिजलेली हळद ढिगानं ओतली, वाफाळलेलं पाणी पाटाला लागलं. पिवळंजर्द, उन्हात चमकणारं. मी कायलीपाशी उभा होतो. आबा ढिगाच्या पलीकडं बाजेवर. हौसा रानाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोक्यावर टोपलं. आणि मंगल पोत्यावरून उतरून रांगत निघाली होती. त्या पिवळ्या रंगाकडं.

मी तिला पाहिलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी तिला पाहिलं. ती माझ्यापासून दोन ढांगांवर होती. वाकलो असतो तर हातात आली असती. शिलाँगला मी तिला पाठीवर घेऊन डोंगर चढलो होतो. पण पलीकडं आबा बसले होते, माझ्याकडं बघत होते, आणि माझा हात उठला नाही. मी तोंड वर करून रानाच्या दुसऱ्या टोकाला ओरडलो, "आगं ए, पोर बग तुजी!"

हौसानं टोपलं टाकलं. हळदीचे गड्डे गडगडत गेलेले मला अजून दिसतात. ती धावली. पोचली नाही.

गाडी जुंपून सांगलीला नेईपर्यंत मंगलचं रडणं बसून गेलं होतं. डॉक्टर चांगले होते, हळुवार होते. पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "आई कुठं होती?"

तेव्हापासून हाच प्रश्न. आबांनी विचारला, वहिनींनी विचारला, शेजारणींनी विचारला. मंगलच्या शाळेतल्या बाईंनी विचारला. तिचं लग्न ठरवताना, तिचं चालणं निरखत, पाहुण्यांनी विचारला. आई कुठं होती? आई रानाच्या टोकाला होती, हो! बाप दोन ढांगांवर होता! पण बाप कुठं होता, असं एका माणसानं, एका शहाण्यानं, एका देवमाणसानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? तेही सांगवत नाही. पण विचारायला काय झालं होतं सगळ्यांना?

मंगलच्या उजव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली. अंगठ्याची चप्पल तिला कधी घालता आली नाही. किंचित लंगडते. शाळेत असताना एकदा दोरीवरच्या उड्यांवरून रडत आली आणि आईला म्हणाली, "तू मला खाली ठेवलंस." मोठी झाल्यावरही भांडण झालं की म्हणायची. वहिनी तिला दुजोरा द्यायच्या. मी वर्तमानपत्र वाचत असायचो. हौसा कधी उत्तर देत नसे. लोकांना वाटे, अपराधी आहे म्हणून गप्प आहे. मी तसं वाटू दिलं. एवढंच नाही, आबा गेल्यावर, वडील समोर नसताना, मी नातवंडांना खुशाल कडेवर घेऊन गावातून मिरवलं, आणि लोक म्हणाले, आजोबा मोठे मायाळू हो!

आणि आता वहिनी टाळ्या वाजवतात. गावातल्या पोरी केतकीला फोन करून विचारतात की ते पाठीवर बांधायचं कापड कुठं मिळतं. मिळू द्या. सगळ्यांना मिळू द्या. माझा राग त्या कापडावर नाही. परक्या देशातून आलं की ती कला झाली, आणि माझ्या बायकोनं केलं तेव्हा ते पालावरचं झालं, यावर आहे. आणि ज्या धनगरणीनं तिला मनापासून आपलं म्हटलं, तिच्या त्या शब्दाला आमच्या घरानं शिवी मानलं, यावर आहे. बाकीचा सगळा माझ्यावर.

इथवर लिहून मी हौसाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत तिचा हात थांबला नाही.

"मला कशाला वाचून दावताय?" ती म्हणाली. "मला ठावं हाय समदं. मी वरडनं आयकून वळले तवा तुमी कुटं हुबा हुता त्ये दिसलं की मला."

मी विचारलं, "मग कधी बोलली का नाहीस?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं सरळ पाहिलं. "बोलले असते तर तुमी न्हाई म्हनला असता. मग मी काय करनार हुते?"

ती पुन्हा सूप घेऊन म्हणाली, "छापायच्या आदी मंगलला वाचून दावा."

रविवारी मंगल साताऱ्याहून आली. केतकी आणि तिची लेकरं बरोबर होती. मी बाहेरच्या सोप्यात बसून वाचलं. मध्ये एकदा कागद खाली ठेवला, तर मंगल म्हणाली, "थांबू नका." वाचून झाल्यावर ती आपल्या पायाकडं बघत बसली.

"म्हणजे तुम्ही बघत होता?"

"हो."

"आणि मी आईला..." ती उठली. उठताना तिनं माझ्या खुर्चीचा हात धरला, मग तो सोडून भिंत धरली. आत निघून गेली. केतकी डोळे पुसत होती. "आजोबा, मी एवढ्या लोकांसमोर आजीला बिचारी म्हणाले हो," म्हणाली आणि तीही धाकट्याला घेऊन आत गेली.

स्वयंपाकघरातून मंगलचा आवाज आला, लहान मुलीसारखा.

"आई, मला कसं बांधायचीस गं तू?"

ट्रंक उघडल्याची करकर. जुनं लुगडं मधोमध फाडल्याचा आवाज.

"वाक," हौसा म्हणाली. "आनी वाक. केतके, पोर ठेव तिच्या पाटीवर. आता हालू नगंस. ह्यो असा खांद्यावरनं... आगं, हसतीयास काय, गाठ सुटंल!"

मला कुणी आत बोलावलं नाही. बोलवायला नकोच होतं. मी उठून खिडकीशी गेलो. परसातून त्या रानाकडं निघाल्या होत्या, जिथं कुकरची वाफ वर चढत होती. थोरला पुढं पळत होता, केतकी त्याच्या मागं. मंगल धाकट्याला पाठीवर घेऊन, पाय जरा ओढत, ताठ चालली होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्यातला एक हौसानं धरला होता.